सपोर्ट कुणाला?

जयसिंग ओव्हाळांना एक माणूस नोकरीला ठेवायचा होता. एकच. आणि त्याने करायचं कामही एकच होतं. फोन वाजला की उचलायचा.

फोन आम्रपालीचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा होता. कुरुळी फाट्यापासून थोडं आत जयसिंगरावांचा गाळा होता. तिथे जाड कापडाचे हातमोजे शिवले जात, चाकणच्या कंपन्यांतले कामगार पत्रा उचलताना घालतात ते. मशीन आणि माल जयसिंगरावांकडे, बोलणं आम्रपालीकडे, अशी वाटणी पहिल्यापासून होती. ती कंपनीच्या परचेसवाल्याला फोन लावायची, आधी त्याच्या मुलाच्या दहावीची चौकशी करायची, मग त्याच्या आईच्या गुडघ्याची, आणि फोन ठेवता ठेवता ऑर्डर घ्यायची. जयसिंगरावांना हे कधीच जमलं नव्हतं. त्यांनी एकदा एका साहेबांना गुडघ्याचं विचारलं, तर साहेब म्हणाले, "काय झालं माझ्या गुडघ्याला?"

आम्रपाली गेली त्याला वर्ष होत आलं होतं. सगळ्या गिऱ्हाइकांकडे नंबर तिचाच होता. फोन वाजायचा आणि पलीकडून पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "ताई आहेत का?" सुरुवातीला जयसिंगरावांनी काही वेळा उत्तर दिलं. उत्तर दोन शब्दांचंच होतं, पण ते देऊन झालं की दिवसभर दुसरं काही बोलवत नसे. मग त्यांनी फोन उचलणं सोडून दिलं. चार्ज मात्र रोज करायचे.

फोन उचलला नाही की ऑर्डर येत नाही, हे समजायला मार्केटिंगची डिग्री लागत नाही. निम्मी मशीन बंद पडली. कोपऱ्यात उजव्या हाताच्या मोज्यांचं एक पोतं पडून होतं. नुसते उजवे. ते कुणाचं आणि त्याचे डावे कुठे गेले हे फक्त आम्रपालीला माहीत होतं, आणि ती विचारण्यापलीकडे गेली होती. शिलाईवरच्या जुन्या शालनबाई एक दिवस सरळच म्हणाल्या, "साहेब, दिवाळीनंतर आम्ही बायकांनी दुसरीकडं बघायचं असंल तर आत्ता सांगा. आयत्या वेळंला नको."

जयसिंगरावांनी उत्तर म्हणून टेम्पो सुरू केला आणि निघून गेले. हे त्यांचं हल्लीचं उत्तर होतं. दिघीच्या घरी बसलं की गाळ्यावर जावंसं वाटे, गाळ्यावर पोचलं की घरी काहीतरी राहिलंय असं वाटे. मधल्या रस्त्यावर तेवढं बरं वाटायचं. त्यांचा टेम्पो, छोटा हत्ती, रिकामाच दिघी-मोशी-कुरुळी करत राहायचा. मोशीच्या चौकातल्या ट्रॅफिक हवालदाराला वाटायचं, या माणसाचा धंदा जोरात आहे.

शेवटी त्यांनी ठरवलं की माणूस ठेवायचा. आणि ठरवलेलं शेजारच्या अर्जुनरावांना सांगितलं. इथे त्यांची पहिली चूक झाली.

अर्जुनराव दिघीचे मूळचे. नोकरी त्यांनी आयुष्यात केली नव्हती, त्यामुळे नोकरभरतीवर त्यांची मतं ठाम होती.

"जाहिरात कुठं देनार?" त्यांनी विचारलं.

"मिनल म्हणते, नेटवर टाकू."

मिनल म्हणजे जयसिंगरावांची मुलगी. हिंजवडीत एका कंपनीत एचआरला होती. फोन उचलायला माणूस हवाय म्हटल्यावर ती म्हणाली होती, "पप्पा, असं नाही लिहीत. 'मार्केटिंग सपोर्ट, एंट्री लेव्हल' असं लिहायचं." मग तिने कामाचं पानभर वर्णन करून पाठवलं. ते वाचून जयसिंगरावांना वाटलं, ही नोकरी आपल्यालाही झेपणार नाही.

"नेट राहू द्या हो," अर्जुनराव म्हणाले. "फ्लेक्स लावा, फाट्यावर. आपल्या भागात फ्लेक्सशिवाय कुनाचा वाढदिवस बी व्हत न्हाई, तुमची भरती कशी व्हईल?"

यात तथ्य होतं. जयसिंगराव भोसरीला गणराजच्या दुकानात गेले. गणराज फ्लेक्स छापायचा. वाढदिवस, निवडी, सत्कार आणि कंपन्यांची भरती, सगळ्याचे साचे त्याच्याकडे तयार होते, फक्त नाव बदलायचं. जयसिंगरावांनी कागद दिला. त्यावर एकच ओळ होती : मार्केटिंग सपोर्टसाठी एक व्यक्ती हवी, सोमवारी सकाळी भेटा. खाली पत्ता.

"ओव्हाळ ना? तुमची जुनी फाइल आहे काका माझ्याकडे," गणराज म्हणाला आणि त्याने ती उघडली.

पडदाभर आम्रपाली आली. मागच्या वर्षी तिच्या पुण्यानुमोदनाचा, म्हणजे श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाचा, बोर्ड याच दुकानात केला होता. निळी साडी, जरा वाकडा लागलेला चष्मा. तो सरळ करायचं राहून गेलं होतं.

"सॉरी काका," गणराज घाईने म्हणाला. "ही नाही. थांबा, नवीन करतो. मजकूर एकदा वाचून देता का?"

"तुम्ही करा काय करायचं ते," असं म्हणून जयसिंगराव दुकानाबाहेर पडले आणि टेम्पो सुरू करून मोशीपर्यंत जाऊन आले.

मजकूर न वाचता पास केला, ही दुसरी चूक. पण ती त्यांना दोन दिवसांनी, कुरुळी फाट्यावर, मान वर केल्यावर कळली.

फ्लेक्स मोठा होता. 'मेगा भरती!' असं वर लाल अक्षरांत होतं. खाली 'मार्केटिंग सपोर्ट' बारीक, आणि मग पुन्हा मोठ्या अक्षरांत : दहावी, बारावी, आयटीआय, पदवीधर, पास-नापास. बस, कँटीन, युनिफॉर्म. ओव्हरटाइम डबल. उजव्या बाजूला खुद्द जयसिंगराव हात जोडून उभे. तो फोटो पुण्यानुमोदनाच्या दिवशीचा होता. पाहुण्यांना निरोप देताना कुणीतरी काढला असणार. फ्लेक्सवर मात्र ते जिल्हा परिषदेला उभे असल्यासारखे दिसत होते.

त्यांनी तिथूनच गणराजला फोन लावला. "बस कुठली? कँटीन कुठलं?"

"काका, ते साच्यातच असतं. ते काढलं तर माणूस बोर्ड वाचायला थांबतच नाही."

"आणि पास-नापास?"

"ते तर सगळ्यात जास्त चालतं."

जयसिंगराव टेम्पोच्या हौद्यात चढले आणि त्यांनी फ्लेक्सची दोरी सोडायला घेतली. एक गाठ सुटली आणि शेजारचा फ्लेक्स वाकला. शेजारचा फ्लेक्स गावचे पुढारी चिमाजीशेठ यांचा होता. बुधवारी शेठचा वाढदिवस. लावणाऱ्या पोरांनी दोरी वाचवायला दोन्ही फ्लेक्स एकाच दोरीत ओवले होते. आता शेठ नाकापासून खाली दुमडले गेले होते, आणि शुभेच्छुकांची रांग जमिनीला टेकली होती.

समोरच्या टपरीवरून एक जण उठून आला. शेठचा उजवा हात म्हणवणारा दत्तोबा.

"ओ काका! शेठला खाली पाडताय व्हय?"

"मी माझा फ्लेक्स काढतोय, भाऊ. त्यात चूक झालीये."

"तुमचा काढला की शेठ वाकत्यात. दिसतंय न्हवं?" दत्तोबाने स्वतः गाठ मारून शेठना ताठ केलं. "बुधवारपातुर या दोरीला हात लावायचा न्हाई."

"पण सोमवारी लोक येतील."

"येऊ द्या की. आन् आयकून ठेवा, भरतीत ऐंशी टक्के पोरं गावातली पायजेत."

"अहो, जागा एकच आहे."

दत्तोबाने क्षणभर विचार केला. हिशेब अवघड होता, पण तो मागे हटणारा नव्हता. "मंग त्या एकात ऐंशी टक्के गावचा धरा. ऱ्हायलेला ईस टक्के तुमी कुठनं बी आना."

जयसिंगराव थेट ग्रामपंचायतीत गेले. तिथल्या साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "फ्लेक्स लावायची परवानगी घेतली होती?"

"नाही. चूक झाली."

"मग आमच्या लेखी तो फ्लेक्स लागलेलाच नाही. न लागलेला फ्लेक्स काढायची परवानगी मी कशी देऊ?"

"आणि शेजारचा? चिमाजीशेठचा?"

साहेबांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. "कुठला? मला तर काही दिसत नाही."

जयसिंगरावांनी टेम्पो सुरू केला.

सोमवारी ते गाळ्याशी पोचले, तेव्हा त्यांना आधी वाटलं, आग लागली. वळणापासून गाळ्यापर्यंत माणसं उभी होती. पाठीला सॅक, हातात प्लास्टिकच्या फाइली. लातूर, परभणी, धुळे, यवतमाळ, रात्रपाळी संपवून युनिफॉर्मवरच आलेले, आदल्याच दिवशी एसटीतून उतरलेले. फ्लेक्सवरचा फोटो सगळ्यांनी पाहिलेला. "आले, आले, मालक आले!" अशी ओरड झाली आणि गर्दीने वाट करून दिली. एका पोराने पायाला हात लावला. जयसिंगराव सवयीने हात जोडून उभे राहिले, आणि जमलेल्यांना तर ते फ्लेक्सवरचेच वाटले.

दारात शालनबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "साहेब, हितं निम्मी मशीन बंद हायत आन् तुम्ही एवढी माणसं बोलावली?"

"मी बोलावली नाहीत. ती साच्यात होती."

"आन् ती कँटीन शोधाय लागलीत. दोघं मागच्या बाजूला बघून आले. तिथं आपलं बाथरूम हाय."

चहा पाजल्याशिवाय गर्दी हलणार नव्हती. टपरीवाल्याचं दूध संपलं, मग बिस्किटं संपली. मिनलचा मेसेज आला, 'पप्पा, मुलाखतीत उमेदवाराला रिलॅक्स करा.' दत्तोबा खुर्ची घेऊन दाराशी बसला आणि गावचे किती ते मोजू लागला. गावचा एकही नव्हता. तो खवळला. "आपली पोरं झोपलीत वाटतं," असं म्हणत त्याने फोन लावायला घेतले.

मग मुलाखती सुरू झाल्या. म्हणजे जयसिंगराव आत टेबलाशी बसले आणि माणसं येऊन त्यांचीच मुलाखत घेऊ लागली. बस कुठल्या स्टॉपवरून? पहिली शिफ्ट किती वाजता? पर्मनंट कधी करणार? प्रत्येकाला जयसिंगराव सांगत होते की फ्लेक्स चुकलाय, काम फक्त फोनचं आहे. प्रत्येक जण त्यांच्याकडे असं बघे की यांच्या मनात खरं काहीतरी वेगळं आहे, ओळखीशिवाय सांगत नाहीत.

टाय लावलेला एक तरुण मात्र खरोखर मार्केटिंगचा निघाला.

"सर, आपल्या ब्रँडची स्टोरी काय आहे?"

"हातमोजा आहे. हातात घालतात."

"टार्गेट कस्टमर?"

"ज्याला हात आहेत तो."

त्याने ते लिहून घेतलं. मग वर पाहून विचारलं, "मार्केटिंग सपोर्ट म्हणजे मी कुणाला सपोर्ट करायचा? हेड कोण आहेत?"

"हेड..." जयसिंगराव म्हणाले आणि थांबले. "कळवतो तुम्हाला."

हा प्रश्न त्यांना दिवसभर कुणी ना कुणी विचारत राहिलं. सपोर्ट कुणाला? काही तर उगाच विचारत, शहाणं दिसावं म्हणून. तोवर जयसिंगरावांनी सगळ्यांना नापास केलं होतं. एक फार बोलायचा. दुसरा पुरेसं बोलत नव्हता. एका मुलीचा आवाज चांगला होता, पण ती येताच समोरच्या खुर्चीत जाऊन बसली. ती आम्रपालीची खुर्ची होती. तिच्यावर पाटी नव्हती, त्यामुळे त्या मुलीला दोष देता येत नव्हता. पण तिला ठेवताही आलं नाही.

ऊन कलल्यावर गर्दी पांगली. दत्तोबाने बोलावलेली गावची पोरं आलीच नाहीत. तोही गेला. जाताना म्हणाला, "आजचं ऱ्हाऊ द्या. फुडच्या भरतीत बघू." शेवटी एक बाई आत आली. तिशीची, खांद्याला शिवलेली पिशवी. खुर्चीकडे न जाता ती पोत्याजवळच्या स्टुलावर बसली.

"मी विजयश्री. गाव परभणीकडं. राहाते दिघीला, मिस्टर चाकणला कंपनीत हायत. आधी एक सांगा सर, बस खरी हाय का?"

"नाही."

"मग कँटीन बी नसंल."

"नाही."

"ओव्हरटाइम?"

"काम मिळालं तर."

"चला, एकजण तर खरं बोलायलाय," ती म्हणाली आणि पिशवी खाली ठेवली. "सकाळपासून बाहेर उभी हाय. तिथं तर काही म्हणायलेत दुबईला पाठवणार. बी.कॉम. झालंय माझं. फोनवर बोलायला मला काय वाटत नाही. पण सपोर्ट कुणाला करायचा?"

तेवढ्यात टेबलाच्या खणात फोन वाजला. जयसिंगराव खणाकडे बघत राहिले. आत शालनबाईंचं मशीन थांबलं.

"सर, फोन वाजायलाय."

"वाजू द्या."

"गिऱ्हाईक असंल की!"

"असेल."

फोन थांबला आणि लगेच पुन्हा वाजू लागला.

"हेच काम आहे," जयसिंगराव एकदम म्हणाले. "उचला. तुम्हाला ठेवलं. उचला."

तिने खण उघडून फोन उचलला. "हॅलो. हां, हातमोजेच, कुरुळीचे. बोला सर. ताई?"

तिने जयसिंगरावांकडे पाहिलं. मग भिंतीकडे. तिथे आम्रपालीचा फोटो होता, चष्मा जरा वाकडा. सकाळचं फूल शालनबाईंनी लावलेलं. "एक मिनिट हं सर. त्यांचे मिस्टर हितंच हायत," विजयश्री म्हणाली आणि तिने फोन जयसिंगरावांपुढे धरला.

जयसिंगरावांनी फोन घेतला नाही. "तुम्हाला ठेवलंय कशाला?" ते दबक्या आवाजात पण चिडून म्हणाले. "एवढंच तर सांगायचंय!"

"मी कसं सांगू सर? मी तर त्यांना बघितलं बी नाही." तिने फोन मागे घेतला नाही. "तुम्ही सांगा. मी हितंच थांबते."

दारात शालनबाई येऊन उभ्या राहिल्या होत्या. टेम्पोची किल्ली टेबलावर होती. जयसिंगरावांचा हात तिच्याकडे गेला, आणि मग फोनकडे.

"हॅलो. मी जयसिंग ओव्हाळ."

पलीकडे चाकणच्या एका कंपनीचे परचेसचे कुलथे साहेब होते. "ओव्हाळसाहेब, ताईंना जरा देता का? रागावल्या असतील, पण एकच मिनिट."

"ती गेली," जयसिंगराव म्हणाले. "वर्ष होईल."

पलीकडे कंपनीचा भोंगा वाजला, तो संपला.

"मला वाटलं, त्या माझा फोन घेत नाहीत," कुलथे म्हणाले. त्यांचा आवाज खाली आला होता. "शेवटच्या मालात एक पोतं सगळं डाव्या हाताचं निघालं होतं. मी जरा जोरातच बोललो त्यांना. त्या म्हणाल्या, साहेब, डावे सांभाळून ठेवा, उजवे मी घेऊन येते. मग फोनच उचलेनात. मला वाटलं, माझं बोलणं लागलं. मी मधूनमधून नुसता लावून बघत होतो."

जयसिंगरावांनी कोपऱ्याकडे पाहिलं. विजयश्री पोत्याला टेकून बसली होती.

"उजवे माझ्याकडे आहेत," ते म्हणाले.

"डावे मी ठेवलेत. स्टोअरवाला दर महिन्याला भांडतो. मी म्हटलं, त्या येणार म्हणाल्यात."

जयसिंगरावांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. मग कुलथ्यांनीच घसा साफ केला आणि परचेसवाल्यांच्या आवाजात विचारलं, "दुसरीकडचा माल टिकत नाही हो. आठवड्यात अंगठा फाटतो. पोरं ओरडतात. तुमच्याकडे आता मार्केटिंग कोण बघतं?"

फोनचा आवाज मोठा होता. तो आम्रपालीनेच तसा ठेवलेला. सगळ्यांना ऐकू गेलं. जयसिंगरावांनी विजयश्रीकडे पाहिलं. विजयश्रीने बोट उचललं आणि त्यांच्याकडे दाखवलं. दारातून शालनबाईंनीही दाखवलं.

"मीच," जयसिंगराव म्हणाले. "सपोर्ट आहे मला."

मग आम्रपाली अशा वेळी काय विचारायची ते त्यांना आठवलं आणि त्यांनी धीर करून विचारलं, "तुमच्या आईचा गुडघा कसा आहे?"

"बदलला की हो! मागच्याच महिन्यात," कुलथे म्हणाले. नव्या गुडघ्याची हकिगत बराच वेळ चालली. तिच्या शेवटी ऑर्डर होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिघीत छोटा हत्ती उभा राहिला. हौद्यात उजव्या हातांचं पोतं. विजयश्री डबा घेऊन केबिनमध्ये चढली, कारण बस खरी नसली तरी ती आणि मालक एकाच रस्त्याने जात होते. गॅलरीतून अर्जुनरावांनी हाक मारली, "काय जयसिंगराव, फ्लेक्सवर भरवसा ठेवा म्हनलं न्हवतं? बस बी सुरू झाली!"

मोशीच्या चौकात सिग्नलला गाडी थांबली, तेव्हा मागे धपाधप आवाज आले. कालच्या गर्दीतले तिघे-चौघे हौद्यात चढून पोत्यावर बसले होते. "फ्लेक्सवरचे मालक ना? कंपनीची बस ना ही?" एकाने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता सॅक मांडीवर घेतली. जयसिंगराव त्यांना खाली उतरवणार होते, पण सिग्नल सुटला.

चौक ओलांडला आणि समोरच्या कप्प्यात ठेवलेला फोन वाजू लागला. विजयश्रीने त्याला हात लावला नाही. हातातला डबा घट्ट धरून ती समोर बघत राहिली.

जयसिंगरावांनी टेम्पो डाव्या कडेला घेतला. मागचा कंटेनर हॉर्न देत बाजूने गेला. हौद्यातून कुणीतरी केबिनवर थाप मारली, "ओ मालक, थांबवली का? पहिल्याच दिवशी लेट मार्क लागंल!"

जयसिंगरावांनी खिडकीतून हात बाहेर काढून त्यांना गप्प बसायची खूण केली आणि दुसऱ्या हाताने फोन कानाला लावला.

"हॅलो," ते म्हणाले. "नाही, ताई नाहीत. मी बोलतोय. सांगा."